भावविकृती, अनिर्दिष्ट : रुग्णनोंद व संकेतांकन

भावविकृती, अनिर्दिष्ट : रुग्णाची भावस्थिती प्रमाणाबाहेर व दीर्घकाळ खालावलेली अथवा उंचावलेली आहे हे तपासणीवरून स्पष्ट होते, परंतु ही विकृती अवसादाची, उद्दीपनाची की दोहोंच्या आलटून-पालटून येणाऱ्या झटक्यांची, हे ठरविण्याइतकी माहिती हाती नसते. अशा वेळी रोगनिदान म्हणून लिहिली जाणारी संज्ञा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिचा संकेतांक एफ ३९ असा असून अकराव्या आवृत्तीत तो ६ए८झेड असा आहे. ही संज्ञा स्वतंत्र रोगाची नव्हे. ती वैद्याच्या माहितीची त्या दिवसापुरती मर्यादा दर्शविते. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे रुग्णनोंदीत, आजारपणाच्या रजेच्या कागदपत्रांत, विम्याच्या दाव्यांत आणि जिल्ह्याच्या आरोग्य-सांख्यिकीत जे घोटाळे होतात, ते क्षुल्लक नसतात.

संकेतांकन म्हणजे वैद्याने शब्दांत लिहिलेल्या निदानाला वर्गीकरणातील नेमका अंक-अक्षरसमूह देणे. हे काम मोठ्या रुग्णालयांत अभिलेख विभागातील प्रशिक्षित कर्मचारी करतात. लहान ठिकाणी ते डॉक्टर स्वतः, परिचारिका किंवा लिपिक करतो. संकेतांक देणारा रुग्णाला पाहत नाही, त्याच्यापुढे फक्त कागद असतो. कागदावर जे नाही ते त्याने कल्पनेने भरावयाचे नसते, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. त्यामुळे ‘अनिर्दिष्ट’ संकेतांकांची संख्या वाढली, तर तिचे कारण बहुधा संकेतांकन करणाऱ्याच्या टेबलावर सापडत नाही; ते तपासणीच्या खोलीत सापडते.

तीन संज्ञांमधील भेद येथे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. वर्गीकरणातील ‘अन्य’ हा गट निदान निश्चित असूनही ज्याला स्वतंत्र जागा नाही अशा विकारांसाठी असतो. भावविकृतींच्या बाबतीत तो एफ ३८ होय. ‘अनिर्दिष्ट’ हा गट माहिती अपुरी असल्याचे दर्शवितो. भावविकृती आहे एवढेही सांगता येत नसेल आणि केवळ ‘मानसिक विकृती’ असेच लिहिलेले असेल, तर एफ ३९ न देता एफ ९९ द्यावा लागतो. व्यवहारात या तिन्हींची सरमिसळ होते. दहाव्या आवृत्तीच्या चिकित्साविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत एफ ३९ हा संकेतांक दुसरी कोणतीही संज्ञा वापरता येत नसेल तरच, अगदी अखेरचा उपाय म्हणून, वापरावा असे स्पष्ट बजावले आहे. त्याच्या समावेशक संज्ञांत ‘भावात्मक चित्तविकृती, अन्यथा अनिर्दिष्ट’ ही संज्ञा येते, म्हणजे मुळात त्याचा रोख गंभीर विकारांकडे होता. बाह्यरुग्ण विभागात मात्र तो पुष्कळदा ‘मन उदास राहते’ एवढ्याच तक्रारीला चिकटविला जातो.

इतिहास : रोगांची सार्वत्रिक यादी करण्याची प्रेरणा मृत्युनोंदीतून आली. इंग्लंडच्या महानिबंधक कार्यालयात १८३९ पासून काम करणारा विल्यम फार याने मृत्यूंच्या कारणांचे पद्धतशीर वर्गीकरण करण्याचा आग्रह धरला. फ्रेंच सांख्यिक झाक बेर्तियाँ याने तयार केलेली यादी १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे ठेवण्यात आली आणि १९०० पासून साधारणतः दर दहा वर्षांनी तिचे संशोधन होऊ लागले. ही यादी मृत्यूपुरतीच होती. मानसिक विकाराने माणूस सहसा थेट मरत नसल्यामुळे तीत या विकारांना फारसे स्थान नव्हते. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीची जबाबदारी नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने घेतली व त्या आवृत्तीत प्रथमच मृत्यूबरोबर आजारपणाचाही समावेश होऊन मानसिक विकारांना स्वतंत्र विभाग मिळाला.

आठव्या व नवव्या आवृत्त्यांत (अनुक्रमे १९६८ व १९७९ पासून वापरात) भावविकृती एकत्र नव्हत्या. ‘भावात्मक चित्तविकृती’ २९६ या अंकाखाली, ‘मज्जाविकृतीय अवसाद’ ३००.४ या अंकाखाली अशी त्यांची फाटाफूट झाली होती. नवव्या आवृत्तीत तर ‘अन्यत्र वर्गीकृत नसलेली अवसाद विकृती’ ३११ या तिसऱ्याच अंकाखाली घालण्यात आली. एकाच रुग्णाला एका डॉक्टरने चित्तविकृतीत, दुसऱ्याने मज्जाविकृतीत आणि तिसऱ्याने ३११ मध्ये टाकावे, असे त्यामुळे सहज घडे. निदानाच्या अशा विसंगतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांचा तौलनिक अभ्यास. लंडनमध्ये ज्यांना उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीचे रुग्ण म्हटले असते, तशा अनेकांना न्यूयॉर्कमध्ये छिन्नमानसाचे रुग्ण म्हटले जात होते. फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमानसाचा जो आंतरराष्ट्रीय पथदर्शक अभ्यास हाती घेतला, त्याच्या नऊ केंद्रांत भारतातील आग्रा हे एक होते. लक्षणे ठराविक प्रश्नांनी विचारावीत व ठराविक रीतीने नोंदवावीत, ही शिस्त अशा अभ्यासांतून रुजली.

दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत होऊन १९९४ पासून वापरात आली. तीत सर्व भावविकृती एफ ३० ते एफ ३९ या एकाच गटात आणल्या गेल्या : उद्दीपनाचा झटका (एफ ३०), द्विध्रुवी भावविकृती (एफ ३१), अवसादाचा झटका (एफ ३२), पुनरावर्ती अवसाद (एफ ३३), दीर्घकाल टिकणाऱ्या भावविकृती (एफ ३४), अन्य (एफ ३८) व अनिर्दिष्ट (एफ ३९). एफ ३५ ते एफ ३७ या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली व १ जानेवारी २०२२ पासून अधिकृतपणे लागू झाली. तथापि अनेक भारतीय संस्थांत दहाव्या आवृत्तीचेच संकेतांक वापरात आहेत व संक्रमण टप्प्याटप्प्याने होत आहे.

अमेरिकेतील मानसरोगतज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेचा प्रवास या संदर्भात बोधप्रद आहे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत भावविकृतींचे एकत्र प्रकरण मोडून द्विध्रुवी व अवसादी अशी दोन प्रकरणे करण्यात आली. परिणामी ‘अनिर्दिष्ट भावविकृती’ ही संज्ञाच लुप्त झाली आणि निदान अनिश्चित असले तरी डॉक्टरला दोहोंपैकी एक बाजू निवडणे भाग पडू लागले. २०२२ च्या संशोधित आवृत्तीत ती संज्ञा परत घेण्यात आली. एकदा ‘द्विध्रुवी’ असा शिक्का बसला की तो सहजी पुसला जात नाही; तेव्हा खात्री नसताना तो न मारण्याची सोय असणे आवश्यक आहे, हा त्यामागील विचार होय.

महाराष्ट्रातील जुन्या नोंदी : मुंबई इलाख्यातील मनोरुग्णालयांचे (तत्कालीन भाषेत वेड्यांच्या इस्पितळांचे) वार्षिक अहवाल सरकारला सादर होत. रत्नागिरी येथील रुग्णालय १८८६ मध्ये व ठाणे येथील १९०१ मध्ये स्थापन झाले. अशा अहवालांत रुग्णांची विभागणी उन्माद, विषण्णता, बुद्धिभ्रंश, जडबुद्धित्व यांसारख्या ढोबळ शीर्षकांखाली केलेली असे. १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाखाली रुग्णाला दाखल करण्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश व वैद्यकीय प्रमाणपत्र लागे. त्या प्रमाणपत्रात डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या गोष्टी व इतरांनी सांगितलेल्या गोष्टी वेगवेगळ्या लिहावयाच्या असत. कायदा जुनाट व कठोर होता. पण नोंदीतील हा भेद करण्याची त्याची रीत आजच्या पुष्कळ केसपेपरांपेक्षा सरस होती, असे म्हणावे लागते. तो कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ पासून अंमलात आला व त्याची जागा पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने घेतली.

पेण-रोहा पट्ट्यातील स्थिती : रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण तालुक्यातील डोलवी हे गाव धरमतर खाडीलगत व मुंबई-गोवा महामार्गावर वसले आहे. एकेकाळी भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या परिसरात १९९० नंतरच्या दशकात इस्पात इंडस्ट्रीजचा पोलाद प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यू समूहाकडे आला व त्याचा पुढे मोठा विस्तार झाला. त्यामुळे जमीनधारक आगरी कुटुंबे, पाळ्यांत काम करणारे कामगार, कंत्राटी मजूर व परप्रांतांतून आलेले तरुण असा मिश्र समाज येथे आहे. शेजारच्या पेण शहरात गणेशमूर्तींचा मोठा व्यवसाय चालतो आणि रोह्याजवळ रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला व त्याच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा रायगड हा होता. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातील पथकाने तालुक्याच्या ठिकाणी जाऊन रुग्ण पाहावेत व प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे, असे या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. या रचनेतच अनिर्दिष्ट निदानाचे एक कारण दडलेले आहे. ठराविक दिवशी भरणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. रुग्ण पाळी बुडवून आलेला असतो, सोबत घरचे कोणी नसते आणि पुढच्या खेपेला तो येईलच याची शाश्वती नसते.

रुग्णाची भाषा हाही प्रश्न आहे. ‘अवसाद’ हा शब्द रुग्ण उच्चारीत नाही. ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘अंगात त्राण नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘कामाला हात उचलत नाही’ अशा शब्दांत तो आपली अवस्था सांगतो. घरची माणसे ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी अन्यत्र जाऊन आलेली असतात. डॉक्टरने हे शब्द गाळून केवळ ‘मनःस्थिती बिघडलेली’ असे लिहिले, तर मागाहून निदान ठरविण्याचा आधारच नाहीसा होतो. ‘कशात जीव लागत नाही’ या वाक्यात रस नाहीसा होण्याचे लक्षण आहे व ‘अंगात त्राण नाही’ यात थकव्याचे. ही दोन्ही अवसादाची प्रमुख लक्षणे असल्याने रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहून ठेवणे हा केवळ शिष्टाचार नव्हे.

नोंदीत काय असावे : अवसादाचा झटका ठरविण्यासाठी दहाव्या आवृत्तीत साधारणतः दोन आठवड्यांचा कालावधी अपेक्षित आहे. उदास भावस्थिती, रस व आनंद नाहीसा होणे आणि शक्तिक्षय ही तीन प्रमुख लक्षणे होत. एकाग्रता कमी होणे, आत्मविश्वास ढळणे, अपराधी भावना, भविष्याविषयी निराशा, आत्मघाताचे विचार, झोप व भूक बिघडणे ही इतर लक्षणे होत. प्रमुखांपैकी दोन व इतरांपैकी किमान दोन असल्यास सौम्य झटका. प्रमुखांपैकी दोन व इतरांपैकी तीन किंवा अधिक असल्यास मध्यम. आणि तिन्ही प्रमुख लक्षणांसह इतर चार वा अधिक, त्यांतील काही तीव्र, असल्यास तो गंभीर मानतात. गंभीर झटक्यात संभ्रम अथवा निर्वस्तुभ्रम असल्यास संकेतांक बदलतो. उद्दीपनाच्या झटक्यासाठी कालावधी एक आठवड्याचा आहे. केव्हापासून, किती तीव्र, यापूर्वी कधी आणि संभ्रम आहेत काय, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील, तर एफ ३९ लिहिण्याची वेळ क्वचितच येते. उदास भावस्थितीचा कालावधी लिहिला, पण तीव्रता लिहिली नाही, तर एफ ३२.९ म्हणजे ‘अवसादाचा झटका, अनिर्दिष्ट’ देता येतो. तोही अपुराच, पण एफ ३९ पेक्षा एक पायरी पुढचा.

सर्वांत अवघड प्रश्न मागील झटक्यांचा असतो. द्विध्रुवी विकृतीचा रुग्ण डॉक्टरकडे बहुधा अवसादात येतो. उद्दीपनाच्या काळात त्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. ‘पूर्वी कधी उत्साह फार वाढला होता का?’ या प्रश्नाला तो सहसा नकारार्थी उत्तर देतो. त्याऐवजी घरच्यांना विचारावे लागते : कधी दोनतीन तास झोपूनही थकवा न वाटता तो आठवडाभर वावरला काय, ऐपतीबाहेर पैसे उधळले काय, अखंड बोलत राहिला काय, विनाकारण भांडणे उकरली काय. अशा रुग्णास केवळ अवसादरोधी औषध दिले गेल्यास काहींच्या बाबतीत उद्दीपनाचा झटका उसळतो. त्यामुळे दोहोंतील फरक न ठरविता ‘अनिर्दिष्ट’ लिहिणे, आणि अवसाद गृहीत धरून तसे लिहिणे, यांत पहिले अधिक सुरक्षित असते. मात्र अनिश्चितता कशाबद्दल आहे हे पुढे शब्दांत लिहिले पाहिजे. ‘अनिर्दिष्ट भावविकृती, पूर्वीच्या उद्दीपनाविषयी घरच्यांकडून माहिती मिळणे बाकी, दोन आठवड्यांनी पत्नीसह बोलाविले’ ही नोंद पूर्ण आहे. नुसते ‘एफ ३९’ ही नोंद नव्हे.

झोपेच्या बाबतीत या पट्ट्यात विशेष दक्षता घ्यावी लागते. पाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराची झोप पाळी बदलली की विस्कटते. गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यांत मूर्तिकारांच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालते. रुग्ण ‘झोप नाही’ म्हणतो तेव्हा झोपायला वेळ मिळाला नाही, झोप येत नाही, पहाटे लवकर जाग येते, की झोपेची गरजच कमी झाली आहे, या चार गोष्टी निरनिराळ्या आहेत. पहिली व्यवसायाची आहे, तिसरी अवसादाकडे व चौथी उद्दीपनाकडे निर्देश करते. दुसरी अनेक विकारांत आढळते. केसपेपरवर ‘झोप कमी’ एवढेच लिहिल्यास चारही एकाच पोत्यात भरल्या जातात.

भावविकृतीचे निदान लिहिण्यापूर्वी तिच्यासारखी दिसणारी इतर कारणे वगळली आहेत काय, याचीही नोंद आवश्यक असते. अवटू ग्रंथीचे विकार, रक्तक्षय, काही औषधे (विशेषतः स्टेरॉइड वर्गातील), मेंदूला इजा, मद्य वा अन्य मादक द्रव्ये यांमुळे भावस्थिती बिघडते. तेव्हा संकेतांक अनुक्रमे एफ ०६.३ किंवा एफ १० पासूनच्या गटातून द्यावा लागतो. अपघात, नोकरी जाणे, जमिनीचा व्यवहार फसणे, घरातील मृत्यू यांसारख्या आघातानंतर काही महिन्यांत उद्भवणाऱ्या व झटक्याच्या निकषांत न बसणाऱ्या अवस्थेस एफ ४३.२ म्हणजे समायोजन-विकृती हा संकेतांक आहे. आणि कोणतीही विकृती सिद्ध झाली नसेल, तर विकृतीचा संकेतांक न देता लक्षणाचा द्यावा. दुःखी असणे, चिडचिड होणे यांसारख्या अवस्थांसाठी आर ४५ हा गट त्यासाठीच आहे. नोकरीविषयक अडचणींना झेड ५६ हा संकेतांक जोडता येतो. दुःख हा रोग नसतानाही त्याला एफ गटातील अंक मिळतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की रकाना रिकामा ठेवण्याची सोय छापील अर्जात नसते.

संकेतांकाचे परिणाम : यांतील सर्वांत ठोस परिणाम कामगाराच्या वेतनावर होतो. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येणाऱ्या विमाधारकास सर्वसाधारण आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के आजारपण-लाभ मिळतो. त्यापुढे ठराविक ३४ दीर्घ आजारांसाठी, अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. या यादीतील ‘चित्तविकृती’ या शीर्षकाखाली छिन्नमानस, अंतर्जात अवसाद, उद्दीपन-अवसाद चित्तविकृती व स्मृतिभ्रंश ही नावे आहेत. ही नावे जुन्या वर्गीकरणाच्या काळातील आहेत. ‘अंतर्जात अवसाद’ या नावाचा स्वतंत्र संकेतांक दहाव्या आवृत्तीत नाही. ती संज्ञा पुनरावर्ती अवसादात सामावली गेली आहे, तर उद्दीपन-अवसाद चित्तविकृती द्विध्रुवी विकृतीत. म्हणजे एफ ३१ किंवा एफ ३३ असे निदान लिहिलेल्या रुग्णाला यादीतील नावाशी आपला आजार जुळवून दाखविता येतो. एफ ३९ लिहिलेल्या रुग्णाला ते अवघड जाते. आजार तोच, लक्षणे तीच. पण पहिल्या दिवशी घाईत लिहिलेले निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत तसेच पुढे ओढले गेल्यास त्याची किंमत कुटुंबाला रुपयांत मोजावी लागते. लाभ-मंडळापुढे जाणाऱ्या रुग्णाच्या कागदांत निदानाबरोबर लक्षणे, कालावधी व उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांचे वर्णन असेल, तर संज्ञांमधील ही दरी बरीच भरून निघते.

खाजगी आरोग्यविम्याची स्थिती २०१७ च्या अधिनियमाने बदलली. शारीरिक आजारांसाठी ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर मानसिक आजारांसाठीही तो द्यावा, असे त्यातील कलम २१ (४) सांगते व विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळविले. याच अधिनियमाने मानसिक आजार हा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसारच ठरवावा असे बंधन घातले असून त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा नामनिर्देश आहे. पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून आज मानसिक आजार असल्याचे ठरविता येत नाही, ही त्यातील तरतूद अनिर्दिष्ट निदानाच्या रुग्णांना विशेष उपयोगी आहे. दहा वर्षांपूर्वीच्या एका केसपेपरवरील एफ ३९ हा काही जन्मभराचा दाखला नव्हे.

संकेतांक डॉक्टरच्या म्हणण्यापेक्षा अधिक कसे बोलतो, याचे उदाहरण अमेरिकन पद्धतीत मिळते. तेथे २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे खास विस्तारित रूप वापरतात व देयके त्यावर ठरतात. डॉक्टरने नुसते ‘अवसाद’ लिहिले, तर पूर्वी एफ ३२.९ हा संकेतांक द्यावा लागे. पण तेथील यादीत त्याचा अर्थ ‘प्रमुख अवसाद विकृतीचा एकच झटका, अनिर्दिष्ट’ असा होता, म्हणजे डॉक्टरने न केलेले निदान कागदावर उमटत असे. १ ऑक्टोबर २०२१ पासून केवळ ‘अवसाद, अनिर्दिष्ट’ यासाठी एफ ३२.ए हा वेगळा संकेतांक करण्यात आला. नवी मुंबई व पुणे येथील अनेक कार्यालयांत मराठी तरुण-तरुणी अमेरिकन रुग्णालयांच्या नोंदींचे हे काम करीत असल्याने हा बारकावा येथेही अनेकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. त्याच तरुणांच्या गावातील केसपेपरवर मात्र संकेतांक आढळेलच असे नाही.

सांख्यिकी : प्राथमिक केंद्रांकडून वर जाणाऱ्या मासिक आरोग्य अहवालात मानसिक आजाराच्या बाह्यरुग्णांचा आकडा एकाच रकान्यात भरला जातो. अवसाद, द्विध्रुवी विकृती व अनिर्दिष्ट यांतील सर्व भेद तेथे लोपतात. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी अवसाद विकृती झाल्याचे आढळले. परंतु ज्या १२ राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा रायगडसारख्या जिल्ह्यात किती रुग्णांना दीर्घकालीन लिथियमची व त्यासाठी रक्ततपासणीच्या सोयीची गरज आहे, याचा अंदाज रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींवरूनच करावा लागतो. लिथियम द्विध्रुवी विकृतीत देतात. एफ ३९ च्या आकड्यावरून त्याची मागणी नोंदविता येत नाही.

मृत्यूच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ व इतर मृत्यूंसाठी नमुना ४-अ मध्ये मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. आत्मघात झाल्यास मूळ कारण म्हणून बाह्य कारणाचा संकेतांक (एक्स ६० ते एक्स ८४) निवडला जातो. भावविकृती असल्यास ती प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात, मृत्यूस हातभार लावणारी अवस्था म्हणून, लिहावयाची असते. हा दुसरा भाग पुष्कळदा कोरा राहतो. त्यामुळे भावविकृती व आत्मघात यांचा संबंध अधिकृत आकड्यांत प्रत्यक्षापेक्षा क्षीण दिसतो.

गोपनीयता व दुरुस्ती : लहान गावात कागद लपत नाही. कारखान्याच्या कार्यालयात द्यावयाच्या रजेच्या दाखल्यावर निदान लिहिलेले असेल, तर ते त्याच आठवड्यात गावभर होते. लग्न जमावयाच्या घरात त्याचे परिणाम काय होतात हे सांगावयास नको. या भीतीपोटी काही डॉक्टर जाणूनबुजून अस्पष्ट निदान लिहितात, तर काही रुग्ण तशी विनंती करतात. हेतू समजण्याजोगा असला तरी उपाय चुकीचा आहे. दाखला व रुग्णपत्रिका हे दोन वेगळे कागद होत. दाखल्यावर आजारपणामुळे अमुक दिवस कामास असमर्थ एवढे लिहिणे पुरेसे असते. रुग्णपत्रिकेतील निदान मात्र शक्य तितके नेमके हवे. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे व कलम २५ नुसार स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्यातील एखादी माहिती उघड केल्याने रुग्णास गंभीर मानसिक इजा होण्याचा किंवा इतरांना धोका पोचण्याचा संभव असेल, तर तेवढी माहिती राखून ठेवता येते. पण तसे केल्याचे व त्याविरुद्ध अर्ज करता येतो हे रुग्णाला कळवावे लागते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात व मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात.

निदान बदलल्यास जुनी नोंद खोडून नवी लिहावयाची नसते. जुन्या शब्दांवर ते वाचता येतील अशी एकच आडवी रेघ मारून बाजूला तारीख, नवे निदान व सही करतात. संगणकीय नोंदीत जुनी नोंद कायम ठेवून तिच्यापुढे नवी जोडतात. एफ ३९ च्या बाबतीत ही दुरुस्ती अपवाद नसून अपेक्षितच असते. त्यासाठी पुढील भेटीची तारीख व त्या भेटीत विचारावयाचा प्रश्न असे दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवतात. तीन भेटींनंतरही निदान अनिर्दिष्टच राहिले, तर अशी रुग्णपत्रिका बाजूला काढून जिल्हा पथकातील मानसरोगतज्ञापुढे ठेवणे हितावह ठरते. [→ अवसाद, उद्दीपन-अवसाद चित्तविकृती, मानसिक आरोग्य].